काळं की पांढरं

“मॅडम, हे मेनूवर नाही थरथरत,” दुकानातली मुलगी म्हणाली. “गाडी सुरू झाली की मग थरथरतं.”

ती सहज म्हणाली. बोलण्यात काही खोच नव्हती, माझ्या हाताकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मी पांढऱ्या गेम-मशीनचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरून उभी होते. समोरच्या पडद्यावर एक निळी गाडी जागच्या जागी सावकाश गोल फिरत होती. खेळ अजून सुरूच व्हायचा होता, रंग निवडा, चाकं निवडा असलं काहीतरी चाललं होतं. आणि माझा डावा अंगठा बटणावर आपला आपण हलत होता. मी त्याला हलवत नव्हते. मघाशी काळ्या मशीनचा कंट्रोलर धरला तेव्हाही असंच झालं होतं. मी म्हटलं होतं, “अगं, हे थरथरतंय की,” तर ती खूश होऊन म्हणाली होती, “तेच तर याचं वैशिष्ट्य मॅडम! रस्ता खडीचा असला की हाताला खडी कळते, पाऊस आला की पाऊस कळतो.” मी मनात म्हटलं, वा, काय काय काढतात लोक. पण त्या पडद्यावर गाडी धावत होती. ही उभी होती. क्षणभर मला त्या दुकानाचं दार कुठल्या बाजूला आहे तेच आठवेना. मी कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात कोटाच्या खिशात घातला आणि म्हणाले, “दोन्ही चांगली आहेत. विचार करून सांगते.” “घ्या ना वेळ,” ती म्हणाली, “लोक महिनोन्महिने विचार करतात.” बाहेर रस्त्यावर आले तेव्हा तेवढा एकच शब्द डोक्यात राहिला होता. महिनोन्महिने. म्हणजे तशी सोय आहे.

खिशात क्लिनिकच्या किल्ल्या होत्या. त्या वाजत होत्या. मी चालतेय म्हणून वाजतायत असं म्हणून मी एका बुटांच्या दुकानासमोर थांबले, काचेतले बूट बघितल्यासारखं केलं. थोडा वेळ वाजायच्या थांबल्या. हुश्श म्हणणार तेवढ्यात पुन्हा सुरू. बारीक, चिकाटीने, कुणीतरी आतून दार उघडायला बघतंय असं. मी हात खिशातून काढला तेव्हा तो शहाण्यासारखा गप्प झाला. बघा, हेच त्याचं. काम दिलं की सरळ, रिकामा ठेवला की सुरू. आणि हे मला कुणी शिकवायला नको. मी दातांची डॉक्टर आहे, पण आधी माझ्या बाबांची मुलगी आहे. बाबांना जे झालं होतं ते मला झालं असेल, याची मला भीती वाटते. एकदा स्पष्ट लिहून टाकलं. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नाही, मीही इथे घेणार नाही, उगाच बोलावणं केल्यासारखं नको.

मशीनचं असं झालं होतं, की माझ्या लेकीला मी शब्द दिला होता. दातांच्या तारा निघाल्या की गेमचं मशीन. तिचे समोरचे दोन दात लहानपणापासून असे पुढे की तिच्या बाबांनी तिचं नाव खारू ठेवलं, आणि तेच पडलं. तारा मीच बसवल्या. माझ्या बरोबरीच्या सगळ्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वतःच्या मुलीचं काम स्वतः करू नये, दुसऱ्याकडे पाठव. मी कुणाचं ऐकते होय! “माझ्या लेकीचे दात मी दुसऱ्याच्या हातात देऊ?” असं मी तिच्यादेखत म्हटलं होतं, मान ताठ करून, आणि ती खुर्चीत तोंड वासून पडल्या पडल्या माझ्याकडे अभिमानाने बघत होती. आता दात ओळीत आले होते. काढायचं काम तसं किरकोळ. एकेका दातावरची बारीक कडी पक्कडीने दाबायची, ती सुटते. मग दातावर राहिलेलं सिमेंट ड्रिलने खरवडून काढायचं. ड्रिल उजव्या हातात. डाव्या हाताने ओठ बाजूला धरायचा, आरसा धरायचा, आणि तो हात तसाच ठेवायचा. नुसता ठेवायचा. त्याला दुसरं काही काम नसतं. सगळं त्या ‘नुसता ठेवायचा’वर येऊन थांबत होतं.

“आधी कुठलं मशीन ते ठरू दे,” मी म्हणायला लागले होते. “एकदा ठरलं की एकाच दिवशी दोन्ही उरकू. तारा काढायच्या आणि तशीच दुकानात जाऊ.” ऐकायला किती छान. आणि ठरणं सोपं नव्हतंच. खारूचा अर्धा वर्ग काळ्याचा, अर्धा पांढऱ्याचा. तिला जो खेळ हवा होता त्यात काळ्यावाले पांढऱ्यावाल्यांशी खेळू शकत नाहीत. कंपन्यांचं आपसात वाकडं. तिची जिवाभावाची मैत्रीण, जिला आम्ही चष्मा म्हणतो, ती पांढऱ्याची. म्हणजे खारूला पांढरं हवं होतं हे आंधळ्यालाही कळावं. पण नवऱ्याचं म्हणणं काळं दणकट. माझा नवरा पुलांचा इंजिनिअर आहे. जुन्या पुलांना कुठे तडे गेलेत ते बघत फिरणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याला कुठलीही वस्तू दिसली की ती किती वर्षं टिकेल हे आधी दिसतं. जेवणाच्या टेबलावर तो समजावून सांगायचा, काळ्याचा पंखा मोठा, हवा खेळती राहते, पांढरं तापतं. मी म्हणायचे, पांढऱ्याचं अंग सुबक आहे. तो म्हणायचा, सुबक काय करायचंय, शोकेसमध्ये ठेवणार आहेस का? मग मी काळ्याची बाजू घ्यायचे. तो पांढऱ्यावर यायचा. मला हे सगळं आवडत होतं हे सांगायला लाज वाटते. टेबलाखाली डावा हात मांडीखाली दाबून मी तासन्‌तास पंख्यांवर बोलू शकत होते. खारू आमच्याकडे आळीपाळीने बघत बसायची. “तुला काय वाटतं गं?” तिच्या बाबांनी विचारलं की ती म्हणायची, “राहू दे अजून. घाई नाहीये मला.” कॅलेंडरवर दिवस खोडणारी मुलगी ही. सहा महिने माझं डोकं खाल्लं होतं तिने. आणि आता घाई नाही म्हणे. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले आणि पुढे विचार केला नाही.

लाल दांड्याचा ब्रश की पिवळ्या दांड्याचा. आमच्या लहानपणीच्या घरात हे बोलणं चालायचं. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. अर्ध्या गावावर त्यांचं अक्षर होतं. खडूने एक ओळ मारायची, बोटभर रुंद ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा आणि एका दमात अक्षर. मी स्टुलावर बसून बघायची. मला आठवतं ते हे, की ब्रश पाटीला टेकला की बाबांचा हात एखाद्या मोठ्या बोटीसारखा जायचा, आणि ब्रश खाली ठेवून चहाचा कप येईपर्यंत गुडघ्यावर टेकलेल्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागायची. मला वाटायचं बाबा बोटांना लागलेला रंग काढतायत. मीपण तसं करून बघायची. मग एकदा एक दुकानदार आला आणि म्हणाला, “पेंटर, पाटी झकास झालीये, पण शेवटची अक्षरं कुठे पळून चाललीत?” बाबांनी बघितलं. ओळीच्या सुरुवातीला अक्षर वीतभर उंच आणि शेवटाला येईपर्यंत कसं आक्रसत गेलेलं. बाबा हसले आणि म्हणाले, “ब्रश वाईट निघाला. लाल दांड्याचे केस आखूड यायला लागलेत.” झालं. तिथून सुरू. आई लांबच्या बाजारात जाऊन पिवळ्या दांड्याचे आणायची. पिवळा रंग फार पितो. पुन्हा लाल. मग लाल पण जुन्या साठ्यातला. संध्याकाळी दोघं दिव्याखाली बसून ब्रशचे केस बोटांवर पसरून बघायची, तासन्‌तास, किती मन लावून, किती प्रेमाने. मी त्यांना इतकं एकमताने दुसरं काही करताना बघितलं नाही. आई म्हणायची, “हा चांगला आहे. ह्याने जमेल.” शेवटी बाबांना शर्टाची बटणं लावता येईनात तेव्हा कुठे दोघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, “इतके दिवस काय करत होतात?” आणि आई अगदी सरळपणाने म्हणाली, “ब्रश बदलत होतो.”

मी दंतवैद्यक शिकायला गेले तेव्हा पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायला देतात. माझा हात सगळ्यांत स्थिर. सर वर्गाला बोलावून दाखवायचे, हिचा हात बघा. मी घरी येऊन कधी सांगितलं नाही. बाबांसमोर हाताचा विषय काढायचा नाही एवढं आम्हाला कळायचं. तो हात आता लोकांच्या तोंडात जात होता. मुलांना गाणं शिकवणारे एक मास्तर माझ्याकडे येतात, दाढ भरायला. त्यांचं काम चाललं होतं, मी डाव्या हाताने आरसा आत धरून ठेवला होता, आणि मला ऐकू आलं. टिक टिक टिक टिक. काचेच्या कपावर चमचा लागतो ना, तसं, पण अगदी हळू. आरसा दाताला लागत होता. मला वाटलं फक्त मलाच ऐकू येतंय. काम संपल्यावर मास्तर तोंड पुसत उठले आणि हसून म्हणाले, “डॉक्टर, तुमचा आरसा ताल धरतो हं. पण लय जरा चढी आहे.” मी इतक्या जोरात हसले की बाहेर बसलेले पेशंट दचकले असतील. मास्तर गेल्यावर आमच्या असिस्टंटबाई ट्रे आवरता आवरता म्हणाल्या, “डॉक्टर, उद्यापासून आरसा मी धरू का? तुम्हाला जरा मोकळं होईल.” मी म्हटलं, “का? मला काय दोन हात नाहीत?” नंतर बेसिनवर त्या उपकरणं धूत होत्या तेव्हा मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. त्यांना कळलंय का? कळलं असेल तर कुणाला सांगितलं असेल? औषधाच्या दुकानातला परवा म्हणाला होता, डॉक्टर, तुमचं अक्षर मुंगीएवढं झालंय, कागद वाचवताय का? मी त्याला म्हटलं होतं, पेन वाईट आहे. आणि खरंच येताना दोन नवी पेनं घेऊन आले होते. वेगवेगळ्या कंपन्यांची. घरी येऊन ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

भीती नुसती त्या रोगाची होती असं नाही. रोगाचं मला माहीत आहे, गोळ्या असतात, माणसं वर्षानुवर्षं नीट राहतात, मीच कुणाला तरी हे चांगलं समजावून सांगितलं असतं. भीती अशी होती की मी कुणाच्या तरी हिरडीत ड्रिल घालीन. आणि त्याहून मोठी, त्याहून वेडी भीती अशी, की कुणीतरी म्हणेल, द्या तो आरसा इकडे. एकदा दिला की दिला. बाबांनी ब्रश दिला त्या दिवसापासून ते खुर्चीत बसले, आणि जे कुणी येईल ते त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलायला लागलं, ऐकू येत नसल्यासारखं. कान चांगले होते त्यांचे. क्लिनिकच्या वाटेवर एक वळण आहे, तिथे बाबांच्या हातची एक जुनी पाटी अजून आहे, सायकल दुरुस्तीची, उन्हाने उडालेली. शेवटची तीन अक्षरं बारीक. मी रोज पलीकडच्या फुटपाथने जायला लागले.

आई दादाकडे असते. एका दुपारी पेशंट यायचा होता, आला नाही, तेव्हा मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, “आई, बाबांचा आधी कुठला हात हलायला लागला गं? डावा की उजवा?” ती म्हणाली, “हात नाही गं. तो लाल दांड्याचा ब्रशच वाईट होता. त्याने हाताला सवय लागली.” इतक्या वर्षांनी. बाबांना जाऊनसुद्धा किती काळ झाला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. “का गं विचारतेस?” ती म्हणाली. “सहज.” “तुझे हात बरे आहेत ना?” “माझ्या हातांना काय धाड भरलीये!” मी ओरडले. “बरं बाई,” आई म्हणाली, “ओरडू नकोस. तुझी ती अवजारं चांगल्या कंपनीची घेत जा हो. स्वस्तातली घेऊ नकोस.”

मी त्याच संध्याकाळी काळं मशीन घेऊन आले. कुणाला विचारलं नाही. दुकानात जाऊन त्या मुलीला म्हटलं, काळं द्या, ते जास्त थरथरतं ना? “खूपच मॅडम,” ती म्हणाली. आता हे मी का केलं ते उघड आहे, पण तेव्हा मी ते स्वतःला इतक्या उघड शब्दांत सांगितलं नव्हतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हवा खेळती राहते. खोक्यातून बाहेर काढल्यावर नवरा एकदम खूश, बघ मी म्हणत नव्हतो! खारूने खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्मा पांढऱ्याची, हे तिच्या तोंडावर आलं आणि तिने ते गिळलं, ते मला दिसलं. मी तिला म्हटलं, “तारा काय, काढू सावकाश. आधी खेळून तर घे.” “हो,” ती म्हणाली. “काळंच छान आहे. तारांची घाई नाहीये.” आणि ओठ मिटून हसली. तारा असलेली मुलं तशीच हसतात म्हणून मला वेगळं वाटलं नाही.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. खरंच चांगले गेले, लिहितानाही मला ते चांगलेच आठवतात. क्लिनिकमधून आले की हातपाय धुवायचे आणि सोफ्यावर खारूच्या शेजारी बसायचं. एक कंट्रोलर तिच्याकडे, एक माझ्याकडे. डोंगरातल्या रस्त्यांवर गाड्या पळवायच्या. मला पहिल्यांदा वळणं जमायची नाहीत, मी सरळ दरीत. “अगं आई, ब्रेक नावाची गोष्ट असते!” “मला वाटलं हॉर्न आहे.” नवरा आतून ओरडायचा, पूल आला की सांगा, मला बघायचाय. आणि हातात ती थरथर. किती बरं वाटायचं मला त्याचं. डांबरी रस्त्यावर बारीक, खडीवर गेलं की जोरात, कुठे आदळलं की अंगठ्यापासून मनगटापर्यंत. मी मुद्दाम गाडी रस्त्याच्या कडेला खडीवर घालायचे. “बघ बघ, खडी कशी कळते हाताला,” मी म्हणायचे, “काय डोकं लावलंय लोकांनी.” दिवसभर जो हात मी मांडीखाली, खिशात, ओट्याच्या कडेला दाबून धरलेला असायचा, तो इथे मोकळा सोडता यायचा. इथे सगळ्यांचेच हात थरथरत होते, खारूचेही. असं मी धरून चालले होते. तिच्या हाताकडे मी कधी नीट बघितलंच नाही. नवऱ्याने एकदा जुन्या पुलाची गोष्ट सांगितली होती, तडा दिसला की त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. तडा वाढत असेल तर काच फुटते. तडा दिसण्यात काही नाही, तो म्हणाला, वाढतोय का ते महत्त्वाचं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, पट्टीच लावू नये. न लावलेली काच फुटत नाही.

रविवार होता. नवरा कामावर गेला होता, पुलांना रविवार नसतो. ऊन अर्ध्या खोलीत आलेलं, पडद्यावर नीट दिसत नव्हतं म्हणून खारूने पडदे ओढले. आम्ही एक मोठी शर्यत खेळलो आणि मी जिंकले. पहिल्यांदा जिंकले! खारूने मला जिंकू दिलं असणार, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही, मी दोन्ही हात वर करून ओरडले. मग पडद्यावर निकाल लागला, गाड्या थांबल्या, माझी लाल गाडी एका चौथऱ्यावर सावकाश गोल फिरायला लागली. आम्ही दोघी मागे टेकून बसलो. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला होता, बोटं त्यावरच होती. तो थरथरत होता. मी तंद्रीत म्हणाले, “बघ ना, शर्यत संपली तरी ह्याचं चालूच. ह्याला जिंकल्याचा आनंद झालाय.”

मी खारूकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. “काय गं?” मी म्हटलं. ती म्हणाली, “काही नाही.” मी म्हटलं, “बोल ना.” तिने आपला कंट्रोलर उचलून माझ्या उजव्या तळहातावर ठेवला. तो निर्जीव, थंड, दगड. मी म्हटलं, “तुझा बिघडलाय का?” आणि ती खाली बघून, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, “आई, थरथर बंद आहे. दोन्हींची. मी पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. मला ती तुझ्या ड्रिलसारखी वाटते, दातात जाते. तुला सांगणार होते. पण तू म्हणालीस, खडी कशी कळते. मग नाही सांगितलं.”

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, ते वाजत नाही, तरी मला काहीतरी वाजल्यासारखं ऐकू येत होतं. मांडीवरच्या कंट्रोलरचं प्लॅस्टिक माझ्या अंगठीला लागत होतं. टिक टिक टिक. म्हणजे इतके दिवस. ती खडी, तो पाऊस, ते आदळणं. माझंच. सगळं माझंच. मी इतके दिवस माझ्या स्वतःच्या हातावर खूश होऊन बसले होते आणि शेजारी माझी मुलगी ते बघत, हो म्हणत, गाडी चालवत होती. तारांची घाई नाहीये मला. राहू दे अजून. मला एकदम सगळं एका ओळीत दिसलं, आणि मी इतकी घाबरले की हसले. मी म्हणाले, आणि ते मी म्हणतेय हे मला म्हटल्यावर कळलं, “मग ह्याच्यातच काहीतरी बिघाड आहे. बंद करूनही चालतंय म्हणजे काय. मशीनच वाईट निघालं. आपण पांढरंच घ्यायला हवं होतं.”

खारूने वर बघितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल, त्या वयाची मुलं चिडतात. ती चिडली असती तर किती बरं झालं असतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मोठ्या बाईसारखा, आणि म्हणाली, “हो आई. बदलून आणूया. पांढरं चांगलं आहे. त्याने जमेल.”

तिला पांढरं हवं होतं. महिनोन्महिने हवं होतं. ते आता मिळत होतं आणि तिच्या तोंडावर आनंदाचं नाव नव्हतं. त्याने जमेल. हे शब्द तिने कुठून आणले? आजीबद्दल तिला यातलं काही माहीत नाही, आम्ही तिला कधी सांगितलंच नाही. ती आपली आपणच तिथे पोचली होती, दिव्याखाली, ब्रशचे केस पसरत, मी लहानपणी स्टुलावर बसून बघितलेल्या जागेवर. उद्या ती माझ्यासाठी पांढरं आणेल. ते थरथरलं तर परत काळं आणेल. माझ्या हातात पेनं देईल, कप देईल, लोकांसमोर हळूच माझ्या हातावर रुमाल टाकेल, आणि आरशासमोर उभी राहून ओठ मिटून हसेल, वर्षं जातील, तिच्या दातांवर त्या तारा तशाच. मला आजवर ज्या ज्या गोष्टींची भीती वाटली होती त्या सगळ्या ह्याच्यापुढे काहीच नव्हत्या.

मग मी डाव्या हातातला कंट्रोलर काढून समोरच्या टेबलावर ठेवला. तिचाही ठेवला. दोन्ही शेजारी शेजारी, गप्प. आणि त्यांच्या पलीकडे मी माझा हात ठेवला, पालथा, मोकळा, जिथे दोघींना दिसेल तिथे. लगेच नाही सुरू झाला. त्यालाही लाज असावी. मग अंगठा हलला, मग बोट, आणि मग दोघं नेहमीसारखी एकमेकांवर घासायला लागली, बारीक, रंग काढत असल्यासारखी. खारूने पटकन आपला हात त्यावर ठेवायला पुढे आणला. “नको,” मी म्हटलं. “झाकू नकोस. बघ.” तिने हात मागे घेतला आणि बघितलं. आम्ही दोघींनी बघितलं. मी म्हटलं, “तुझ्या तारा दुसरे डॉक्टर काढतील. ह्याच आठवड्यात.” तिने जोरजोरात मान डोलावली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तोंड उघडं टाकून ती रडायला लागली, सगळ्या तारा दिसत होत्या. “आणि तू?” ती म्हणाली. “तू कुणाकडे जाशील?”

“जाईन,” मी म्हटलं. “जायचंय. मला फार भीती वाटतेय गं खारू.”

ती माझ्या जवळ सरकली. पडद्यावर गाडी फिरतच होती. हात टेबलावर तसाच चालला होता आणि मी तो उचलला नाही.

“ब्रश चांगलाच होता,” मी म्हणाले.

“कुठला ब्रश?”

“बस,” मी म्हटलं. “सांगते.”